भगवानअण्णांच्या दारातला ड्रम

नवनाथ वायरमन हसतो. कुणी चहा पाजला तर हसतो आणि कुणी शिव्या घातल्या तरी हसतो. लाइट गेली की लोक फोनवर त्याचा उद्धार करतात, आणि हा गडी फोन कानाला लावून 'आलो, आलो, निघालोच' म्हणत एकटाच रस्त्यात उभा राहून हसत असतो. मला त्याच्या या हसण्याचा फार जुना राग आहे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर त्याच्याबद्दल लिहायला बसलोच नसतो.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे. वाळूचे हायवा ट्रक गावातून जातात, एखाद्याचा मागचा डाला वर राहतो आणि गल्लीतल्या तारा तुटून खाली लोंबतात. त्या जोडायला एक सरकारी लाइनमन नेमलेला आहे, पण त्याची तब्येत भारी आणि चढायची सवय गेलेली. त्याच्या वतीने खांबावर चढतो तो नवनाथ. असल्या माणसाला आमच्याकडे झिरो वायरमन म्हणतात. कंपनीच्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही. खालून लोक म्हणतील ते ऐकायचं, वर चढायचं आणि खाली उतरल्यावर लोक देतील ते घ्यायचं. हसण्याची सवय त्याला तिथूनच लागली असणार, असं मी मनाशी समजून घेतो, तरी राग जात नाही.

बुद्ध विहाराच्या मागे त्याचं पत्र्याचं घर. बायको मनिषा, म्हातारे वडील सर्जेराव आणि सातवीत शिकणारी एकुलती एक लेक पंचशीला. सर्जेरावांना सगळी वस्ती आबा म्हणते.

यंदा जूनमध्ये शाळेत बँड आला. साइड ड्रम, एक मोठा ढोल, बिगुल, झांजा आणि एक ट्रँगल. दिला भगवानअण्णांनी. अण्णा पूर्वी सरपंच होते. आता सून सरपंच आहे आणि ग्रामपंचायत अण्णांच्या ओट्यावरून चालते. बँड बसवायचं काम खेळाच्या अजिनाथ सरांकडे आलं. सरांनी जन्मात कधी ड्रम गळ्यात घातला नव्हता. ते मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, घरी उशीवर हात बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी मुलांना शिकवायचे. हे मी त्यांच्या कौतुकानेच सांगतोय, कारण शिकले ते खरोखर.

सरांनी सहावी ते आठवीची मुलं मैदानात चालायला लावली आणि पावलाबरोबर टाळी द्यायला सांगितली. 'दाहिने मुड' म्हटलं की मुलांची पावलं वळायची आणि टाळ्या विस्कटायच्या. पंचशीलाची टाळी वळतानाही जागेवर राहिली. सरांनी तिच्या गळ्यात पुढच्या रांगेतला साइड ड्रम अडकवला.

आता साइड ड्रम म्हणजे हातात काठ्या घेऊन बडवणं नव्हे. उजव्या हातातली काठी हातोडीसारखी धरायची, पण डावी काठी अंगठ्याच्या बेचक्यात आडवी ठेवून मनगट फिरवायचं. डावा हात आठवडाभर ऐकतच नाही. उजव्याचे दोन, डाव्याचे दोन, उजव्याचे दोन, डाव्याचे दोन, असं सावकाश सुरू करून वेग वाढवत न्यायचा, म्हणजे शेवटी ठोके वेगळे ऐकू न येता सलग गडगड ऐकू येते. शिवाय ड्रम मांडीवर आपटत असतो आणि पाय चुकवून चालत नाही.

ड्रम घरी न्यायची परवानगी नव्हती. मग नवनाथने स्कूटरची जुनी ट्यूब फाडली, ती लाकडी फळीवर ताणून खिळ्यांनी ठोकली आणि लेकीला सरावाला दिली. खांबावर चढायच्या शिडीचा बांबू तासून काठ्या केल्या. संध्याकाळी ती दारात बसून वाजवायची आणि हा समोर उकिडवा बसून 'उजवा, उजवा, डावा, डावा' म्हणायचा. तिचं अंगठ्याचं बेचकं सोलून निघालं तर याने वायरवर गुंडाळायची काळी पट्टी तिथे चिकटवली. तारा जोडणाऱ्या माणसाचे ते हात लेकीच्या बोटांपाशी इतके हलके होत की बघत राहावं. त्या दिवसांत नवनाथ खरंच सुखात होता.

ऑगस्टमध्ये अजिनाथ सर त्याला रस्त्यात भेटले. म्हणाले, "नवनाथभाऊ, पोरीला काय शिकवावंच लागलं न्हाई. हात बसलेलाच हाय. वाजवणं तुमच्या रक्तातच हाय की."

सरांनी मोठ्या मनाने म्हटलं होतं, आणि त्यातलं विष त्यांना ठाऊक नव्हतं. नवनाथला ठाऊक होतं. तो हसला. घरी येऊन त्याने फक्त 'हात बसलेला हाय' एवढंच सांगितलं आणि पुढचं गिळलं. रक्तात कसलं आलंय! महिनाभर ट्यूबवर हात आपटून सोललेलं बेचकं मी स्वतः बघितलं होतं.

हे विष काय, ते सांगायला हवं. सर्जेरावांचे वडील गावात हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे त्यांना वाजवावी लागायची. कुणाचं लग्न असो, कुणाची मिरवणूक असो, बोलावणं आलं की मोठ्या गल्लीतल्या दारासमोर उभं राहायचं, ओट्याच्या खाली, आणि हात दुखेस्तोवर वाजवायचं. वरून कुणी खुशीत येऊन नाणं ओवाळून टाकलं की वाकून उचलायचं आणि हसून हात जोडायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी हलगी नेऊन चावडीच्या पायरीवर ठेवली आणि सांगितलं, आता ह्या घरातलं कुणी कुणाच्या दारात वाजवणार नाही. त्यानंतर कितीतरी दिवस वस्तीला कुणी कामाला बोलावलं नाही, पिठाची गिरणी बंद केली. सर्जेराव तेव्हा लहान होते. कण्या खाऊन काढलेले दिवस त्यांना आठवतात. दारात वाकलेली बापाची पाठही आठवते.

म्हणून बँडचं कळल्यावर म्हातारा आधी नको म्हणाला होता. नवनाथने त्यांना समजावलं. शाळेचा बँड आहे, हलगी नव्हे. सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर झेंड्यापुढे वाजवायचं, सगळ्या जातींची पोरं आहेत, पुढच्या रांगेत आपली पोरगी आहे. सर्जेरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झेंड्याफुडं वाजवू दे. झेंडा आपलाबी हाय. पर कुणाच्या दारात न्हाई. वाजवला त्या दिशी ड्रम बंद."

"माझा शब्द हाय आबा," नवनाथ म्हणाला.

म्हातारा लेकाकडे बघून म्हणाला, "तुझा शब्द हाय तर मग मला काय बघायची गरज न्हाई." आणि खरोखर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. नातीचा सराव सुरू झाला की ते बाज ओढून दारात आणायचे आणि डोळे मिटून ऐकायचे.

जानेवारीच्या मध्यात भगवानअण्णांचा वाढदिवस होता. दारात मांडव, लाइटिंगच्या माळा, जेवणावळ. सकाळी माळांच्या भाराने दारासमोरच्या खांबावर ठिणग्या उडाल्या आणि लाइट गेली. अण्णांचा फोन आला. नवनाथने डीपीच्या पेटीतला फ्यूज काढला, पट्टा कमरेला बांधला आणि तो खांबावर चढला. खाली माणसांची गर्दी. वर हा एकटा.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ड्रम ऐकू आला.

मुख्याध्यापकांनी मुलांना सांगितलं होतं की आज गावातून सराव आहे. मुलं खुशीत होती. रांग वळून अण्णांच्या दारासमोर आली आणि सरांनी हात वर केला. पावलं जागेवर पडत राहिली, ड्रम वाजत राहिले. नवनाथने वरून बघितलं. ओट्याच्या खाली, नेमक्या त्याच जागी, त्याची लेक उभी होती.

अण्णा ओट्यावरून उतरले. ते दुष्ट नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना फार आनंद झाला होता. त्यांनी एकेका मुलाच्या डोक्यावरून नोट ओवाळली आणि पुढे सरकत गेले. पंचशीलापाशी थांबले.

"ही आपल्या नवनाथची ना? आरं, हिच्या पणज्यानं ह्याच दारात हलगी वाजवलेली हाय! आमचे बा सांगायचे, आसा वाजवणारा पुन्हा झाला न्हाई म्हणून. वाजव बाई, वाजव!"

त्यांनी नोट तिच्या डोक्यावरून ओवाळून ड्रमवर टाकली. काही झालं तरी ठोका थांबवायचा नाही हे सरांनी शिकवलं होतं, म्हणून ती वाजवत राहिली आणि नोट ड्रमच्या चामड्यावर उड्या मारत राहिली. लोक हसले. त्यात वाईट हेतूने कुणी हसलं नसेल, पण लोक हसले. अण्णांनी मान वर केली.

"नवनाथ, पोरीनं घराण्याचं नाव काढलं बघ!"

सगळ्यांनी वर बघितलं. पंचशीलानेही बघितलं. तिला तेव्हाच कळलं की बाप वर आहे, आणि तिच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. आता पप्पा खाली उतरतील. आता पप्पा सांगतील.

नवनाथ हसला. हातातला पाना काखेत धरून त्याने दोन्ही हात जोडले.

सरांनी डोळ्यांनी खुणावलं की नोट उचल. तिने काठ्या एका हातात घेतल्या आणि नोट उचलली.

हे मला नवनाथनेच सांगितलं, माझ्या घरचा मीटर बघायला आला होता तेव्हा. म्हणाला, तार केव्हाच जोडून झाली होती, पण बँड गेल्यावरही मी वरच होतो. खाली उतरायला पाय निघेना. मी विचारलं, कावून हसलास रे? तर म्हणाला, हसलो न्हाई ओ, ते आपोआप झालं. लाज वाटली ती त्याच्यानंतर, आन् अशी वाटली की वाटलं पट्टा सोडून द्यावा. एवढं बोलून तो मीटरचे स्क्रू सोडवू लागला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा सर्जेरावांना सगळं कळलेलं होतं. बँड अण्णांच्या दारात वाजला, नोट टाकली, पणज्याचं नाव निघालं, एवढं वस्तीभर झालं होतं. खांबाचं मात्र कुणी बोललं नव्हतं. कुणाला ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं. खांबावर नवनाथ रोजच असतो.

ताटं वाढलेली होती. म्हातारा जेवला नव्हता. त्याने नातीला विचारलं, "नोट उचललीस?"

"उचलली आबा. मग सरांच्या टेबलावर ठिवली."

"तुझा बाप कुठं व्हता?"

नवनाथचा घास हातातच राहिला. पंचशीला ताटातल्या वरणाकडे बघत म्हणाली, "पप्पा न्हवते. पप्पा गेवराईला सबस्टेशनला गेलते."

सर्जेरावांनी मान हलवली. त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "मंग बरोबर हाय. तो असता तर त्यानं वाजवूच दिलं नसतं. चूक शाळेची हाय. उद्या मी आन् नवनाथ जाऊन इचारतो. तू ड्रम सोडू नकोस, बाळा. तुझ्या बापानं शब्द दिलाय, त्यो बघून घील."

आणि म्हातारा जेवायला बसला. मनिषाने त्यांना गरम भाकरी वाढली. 

सकाळी पंचशीला शाळेला निघाली तेव्हा तो तिच्यामागे गल्लीपर्यंत गेला.  तीच थांबली. "पप्पा, मी सांगितलंय तेच सांगा. न्हाईतर माझा ड्रम जाईल. आन् आबांला..." एवढंच बोलून ती निघून गेली. सातवीतली पोर बापाला खोटं कसं बोलायचं ते शिकवून गेली, आणि बाप 'बरं' म्हणाला.

तो आबांना मोटारसायकलवर बसवून शाळेत घेऊन गेला. म्हाताऱ्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि निळी टोपी घातली होती. मुख्याध्यापकांनी खुर्च्या दिल्या. अजिनाथ सरही आले. बाहेर मैदानात सराव चालला होता, खिडकीतून ड्रम ऐकू येत होते.

"आमी भांडायला आलो न्हाई," सर्जेराव म्हणाले. "इचारायला आलो. शाळेचा बँड माणसाच्या दारात कावून गेला?"

मुख्याध्यापक गडबडले. "बाबा, बँड अण्णांनीच दिलेला आहे. त्यांचा वाढदिवस, म्हणून जरा..."

"आमच्या बापालाबी हेच सांगायचे. ह्यांनी दाणं दिलं, म्हणून ह्यांच्या दारात वाजीव." म्हातारा शांतपणे बोलत होता. "लेकराला काय कळतंय. पर माझा पोरगा तिथं न्हवता म्हणून तुमचं भागलं. त्यो असता तर त्यानं सगळ्यांदेखत पोरगी बाजूला काढली असती. त्यानं मला शब्द दिलाय."

अजिनाथ सरांनी चमकून नवनाथकडे बघितलं. त्यांनी त्याला खांबावर बघितलं होतं, हात जोडताना बघितलं होतं. मग सरांनी मान खाली घातली. नवनाथला कळलं की हाही माणूस आपल्याला झाकतोय. काल लेकीने झाकलं, आज सर झाकतायत, आणि शेजारच्या खुर्चीत बाप ताठ बसलाय, लेकाच्या भरवशावर. ते ताठ बसणं त्याला सोसलं नाही.

"आबा, मी तिथंच व्हतो."

"कुठं?"

"अण्णांच्या दारापुढल्या खांबावर. समदं बघितलं."

सर्जेरावांना कळलंच नाही. त्यांनी विचारलं, "मग?"

"मग हासलो. हात जोडले."

"तुला उतरू दिलं न्हाई का कुणी?"

"कुणीच अडवलं न्हाई आबा."

 म्हाताऱ्याच्या ताठ पाठीतलं काहीतरी गेलं, एवढं सरांनाही दिसलं. मग तो मुख्याध्यापकांकडे वळला. "साहेब, पोरगी सव्वीस तारखेला झेंड्याफुडं वाजवंल. शब्द तिनं न्हाई मोडला. तिला पुन्हा कुणाच्या दारात न्हेणार न्हाई, येवढं तोंडानं सांगा."

मुख्याध्यापकांनी सांगितलं. दोनदा सांगितलं. अजिनाथ सर म्हणाले, "आबा, माझं चुकलं." सर्जेरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बाहेर पडले. व्हरांड्यात नवनाथ त्यांच्यामागे आला तेव्हा ते फक्त एवढंच बोलले, "माझा बाप त्या दारात हसायचा, कारण त्याला दुसरं काय करताच येत न्हवतं. तुला येत व्हतं."

नवनाथने मोटारसायकल सुरू केली आणि त्यांच्याजवळ आणून थांबवली. म्हातारा बसला नाही. काठी टेकत चालू लागला. नवनाथने गाडी बंद केली आणि हाताने ढकलत मागून चालू लागला. पुढे गाठायची हिंमत नव्हती आणि सोडून जायचीही नव्हती. बाप पुढे, लेक गाडी ढकलत मागे, असे ते दोघे मोठ्या गल्लीतून चालले.

भगवानअण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मांडव सोडायचं काम चाललं होतं, माणसं होती. अण्णांनी हाक मारली, "काय नवनाथ, गाडी बंद पडली का?"

नवनाथ थांबला. पुढे सर्जेरावांची काठीही थांबली, पण त्यांनी मान वळवली नाही.

"गाडी चांगली हाय अण्णा. आबा माझ्या गाडीवर बसत न्हाईत."

"कावून? काय झालं?"

"काल तुमी माझ्या पोरीवर नोट टाकली, आन् मी हासलो."

मांडवाची दोरी सोडणारी माणसं थांबली. अण्णांना खरंच काही उमगलं नाही. "आरं, मग त्यात काय झालं? कौतुकानं टाकली," ते म्हणाले.

 नवनाथचे डोळे भरून आले होते आणि इतक्या माणसांत ते पुसता येईनात, कारण दोन्ही हात गाडीच्या हँडलला होते. पुढे काठी पुन्हा वाजू लागली. त्याने गाडीला रेटा दिला आणि तो बापाच्या मागे चालू लागला. घर येईपर्यंत सर्जेरावांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.